हेंद्रेपाड्याच्या इंजिनिअरबाई

इंजिनिअरबाईंच्या घरी गेलं की आधी हातात स्क्रूड्रायव्हर यायचा, चहा-पाणी नंतर. आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांना हे नाव पडलं, ते काही कौतुकानं नव्हे. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून त्या अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका पंपाच्या कारखान्यात ड्रॉइंगं काढायच्या. पुढे कारखाना बंद पडला, यजमान गेले, मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. मग बाईंनी स्वयंपाकघरातच आम्हा मुलांची शिकवणी सुरू केली. फुकट होती, म्हणून आयांना संशय होता.

पहिल्या दिवशी त्यांनी कुकरची शिट्टी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "बघ, एवढंसं वजन आतल्या वाफेला दाबून धरतं. पण कुठवर?"

"तीन शिट्ट्यांपर्यंत," मी म्हटलं.

"उत्तर चुकलं," बाई गंभीरपणे म्हणाल्या, "पण भात शिजेल."

त्यांचा नियम एकच. जे उघडाल, ते तुम्हीच बंद करायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या साहिलनं या शिकवणीच्या भरवशावर ऐन दिवाळीत घरचा मिक्सर खोलला. त्याची आई वाटायच्या डाळीचं पातेलं घेऊनच वर आली.

"याला उघडता आला ना? मग अर्धं शिकून झालं," बाई म्हणाल्या.

"आणि उरलेलं अर्धं?"

"ते दुपारपर्यंत."

दुपारी मिक्सर जोडून झाला, एक स्क्रू तेवढा उरला. मिक्सर अजूनही चालतो. साहिलची आई मात्र तो सुरू करून आजही दोन पावलं मागे सरकते.

मग स्टेशनजवळ रोबोटिक्सचा क्लास निघाला. काचेचं दार, एसी, भिंतीवर रॉकेट. फुकटच्या शिकवणीला बिचकणाऱ्या आयांनी तिथे आनंदानं फी भरली आणि बाईंचं स्वयंपाकघर रिकामं झालं. गंमत म्हणजे क्लासच्या सरांना शिकवायला अनुभवी माणूस हवं होतं, तेव्हा त्यांनी बाईंनाच बोलावलं. बाई साडीवर क्लासचा निळा टी-शर्ट चढवून निघाल्या. आम्ही हसलो, त्याही हसल्या. पण इस्त्री केला होता तो टी-शर्ट.

तिथे त्यांना समजलं की किट उघडायचं नसतं.

"वॉरंटी जाते, मॅडम," सर म्हणाले.

"मग मुलांनी काय करायचं?"

"व्हिडिओ बघायचा ना!"

बाईंनी थोडे दिवस व्हिडिओ दाखवले. मग एका दुपारी मुलांना घेऊन त्यांनी काचेचं दार हळू का मिटतं ते पाहायला वरचा डोअर क्लोजर उतरवला. तेवढ्यात सर आले, दार धाडकन आपटलं आणि बाईंची नोकरी संपली.

संध्याकाळी त्या बिल्डिंगखालच्या बाकावर बसल्या होत्या. टी-शर्ट घडी करून मांडीवर. मला वाटलं, आता काहीतरी विनोद करतील.

"नोकरीचं काही नाही गं," त्या म्हणाल्या. "मुलांकडून तो क्लोजर परत बसवून घ्यायचा राहिला."

त्यानंतर शिकवणीला साहिल आणि मी, दोघंच उरलो. पुढच्या उन्हाळ्यात बाईंचे गुडघे जिना चढेनासे झाले आणि मुलगा त्यांना न्यायला आला.

सामान उतरवताना लोखंडी कपाट दारात अडकलं. टेम्पोवाला घाम पुसत म्हणाला, "ये नहीं निकलेगा, माँजी. काटना पडेगा."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. त्या स्टुलावर बसून शेंगा सोलत होत्या. "मला काय विचारता? मी आता पाहुणी."

साहिलनं दार निरखलं. बाहेरून नंतर बसवलेल्या जाळीच्या दाराची जाडी आड येत होती. पाटावर साहिलची बॅट तरफेसारखी टेकवून आम्ही ते दार बिजागऱ्यांमधून वर उचललं आणि बाजूला ठेवलं. मी घरोघर जाऊन लाटणी मागून आणली. ती कपाटाखाली सरकवली, तसं ते जड धूड घरंगळत जिन्यापर्यंत गेलं. दार परत चढवून झाल्यावर बाई उठल्या, ते एकदा उघडून-मिटून पाहिलं आणि सोललेले सगळे दाणे आमच्या हातावर ठेवले.

टेम्पो वळला तेव्हा बिल्डिंगमधले लोक आमची पाठ थोपटत होते. साहिल दाणे मुठीत धरून नुसता उभा होता.

"थोडं कमी शिकलो असतो ना," तो म्हणाला, "तर आज त्या गेल्या नसत्या."