हलका आहेर

"हलकं हाय." कापडाचा काठ अंगठा आणि बोटात धरून चोळायचा, नाक मुरडायचं आणि एवढंच बोलायचं. उमरग्यातल्या माझ्या कापडदुकानात हा गृहस्थ आला की माझं डोकं फिरायचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. वयानं मोठे, म्हणून मी "या मामा" म्हणायचो आणि ते कधी उठतात याची वाट बघायचो.

दुकानातल्या टीव्हीवर परदेशचा राष्ट्राध्यक्ष दिसला की करारमदार गेले उडत, आपण काय दिलं आणि त्यांनी काय दिलं एवढंच मामा बघायचे. एकदा आपल्याकडून चांदीचा दिवा गेला आणि तिकडून नुसता फ्रेम केलेला फोटो आला, तर चहा अर्धा टाकून उठले. अशा भेटी नेत्यांच्या घरी जात नाहीत, सरकारी तोषाखान्यात जमा होतात, असं मी सांगून पाहिलं.

"मान देशाचा असतोय म्हणून," मामा म्हणाले. "आमच्या घराचाबी हाय. तितं म्याच राष्ट्रपती."

तेव्हा मी हसलो होतो.

त्यांनी एकुलती मुलगी कर्नाटकात दिली. लग्नात व्याह्यांना शाल दिली. आता आहेराच्या शाली आपल्याकडे कोण पांघरतं? त्या घडी न मोडता ट्रंकेत जातात आणि पुढच्या कार्यात दुसऱ्याच्या खांद्यावर पडतात. नातीच्या बारशाला मामांना आहेर करायला विहीणबाईंनी घाईत ट्रंकेतून काढली ती नेमकी मामांनीच दिलेली शाल. काठावरच्या कुंकवाच्या डागावरून मामांनी ती ओळखली, भर मांडवात व्याह्यांच्या पायाशी टाकली आणि न जेवता गाडीत बसले. त्या दिवसापासून पोरीचं माहेर बंद.

ती मला फोन करायची. मी फोन पुढे केला की मामा हात झटकायचे. असा संताप यायचा! शेवटी व्याही स्वतः आले आणि मामांसमोर माझ्या दुकानातली सगळ्यात भारी शाल घेतली. मामांनी काठ चोळला.

"हलकं हाय."

मला राहवलं नाही. "मामा, शालीचं राहू द्या. पोरगी हलकी आहे का?"

ते उठून गेले, ते पुन्हा दुकानात आलेच नाहीत. व्याही शाल गल्ल्यावरच ठेवून गेले. मी ती कपाटात वेगळी ठेवली.

गेल्या उन्हाळ्यात मामा झोपेतच गेले. मुलगी माहेरी जाण्याआधी दुकानात आली आणि तिनं ती शाल मागितली. मीही तिच्याबरोबर गेलो. राग काही गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही.

तिनं शाल बापाच्या अंगावर घातली. मग त्यांचा उजवा हात उचलून शालीचा काठ त्यांच्या अंगठ्यात आणि बोटात धरून दिला.

"दादा, बघा की," ती बापाला म्हणाली. "हलकं न्हाय."

आणि उत्तर येणार असल्यासारखी ती तशीच त्यांच्या तोंडाकडे बघत बसली.