आधी शिवायचं, मग कापायचं

पडद्यांच्या दुकानात शिलाई करता करता तिचे केस पिकले, तरी घरात ती धाकटीच राहिली. आई लवकर गेल्यावर ताईनेच तिला वाढवलं, हाताला धरून टाका शिकवला. आता ताई दूर मुलाकडे राहायची. पण रोज फोनवर बोलल्याशिवाय दोघींना करमायचं नाही.

एकदा दुकानातल्या एका गिऱ्हाइकीण बाईंनी धाकटीला गोधडीची नवी तऱ्हा दाखवली. दोन रंगांचे चौकोनी तुकडे एकमेकांवर ठेवायचे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंनी शिवायचं आणि मग रेघेवरच कात्री चालवायची. उलगडलं की दोन दुरंगी चौकोन तयार!

“शिवलेलं कापायचं?” ताई फोनवर खो खो हसली. “डोकं ठिकाणावर आहे ना गं तुझं?”

“करून तर बघ. अर्धे तू कर, अर्धे मी. गोधडी एकच.”

ताईचं पहिलं पुडकं आलं, त्यातले चौकोन दृष्ट लागावी इतके नेटके. दुसऱ्यातले लहानमोठे, वेडेवाकडे. तिसरं उघडलं तर मांडीवर नुसते सुटे त्रिकोण सांडले. ताईने नेमकं रेघेवरच शिवलं होतं आणि तिथेच कापलंही होतं.

“बरोबर आलेत ना गं?” ताईने विचारलं.

“अगदी बरोबर,” धाकटी म्हणाली.

मग भाच्याचा फोन आला. “मावशी, आईला आता शिवायचं काही सांगू नकोस. मशीनपुढे बसून रडत राहते. डॉक्टर म्हणाले, हे विसरणं वाढतच जाणार.”

धाकटीने ते सगळे त्रिकोण हाताने जोडले. ताईच्या वाकड्या चौकोनांशी मेळ बसावा म्हणून स्वतःचे नीटनेटके चौकोनही छाटले.

“मावशी, चांगल्या कामाची माती का करताय?” दुकानाचे मालक हळहळले. तिने पुढचा चौकोन कात्रीखाली घेतला.

गोधडी पुरी झाली तशी ती ताईकडे गेली. ताई खिडकीपाशी बसली होती. तिने गोधडीवरून हात फिरवला, एक शिवण नखाने दाबून पाहिली.

“अहो, छान केलीत तुम्ही,” ती म्हणाली. “विकता का?”

जन्मात कधी ताईने तिला अहोजाहो केलं नव्हतं.

“नाही, ताई. तुझीच आहे.”

“छे! एवढी मेहनतीची वस्तू मी कशी घेऊ?” ताईने गोधडीची नीट घडी घातली आणि तिच्या हातात परत दिली.

धाकटीने ती भाच्याकडे सोपवली. जिन्यापर्यंत तिने कसाबसा धीर धरला. मग पायरीवरच बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.