तीन मोहाच्या झाडांचा बांध

सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास आला की आजही मी अंगावरचा चिखल झटकू लागतो. सत्तरच्या दशकात भंडाऱ्याहून आम्ही एक अनियतकालिक काढायचो. वाचक तेवीस, पण थाट दिल्ली हलवायचा! 'आपली कहाणी सांगा, नाव छापणार नाही' म्हणत मी गावोगाव अनोळखी माणसं गाठायचो. आसगावच्या एका बाईनं सांगितलं, सासऱ्यानं ज्याच्याशी नातं तोडलंय त्या आपल्या भावाला ती चोरून भेटते. मी नाव गाळलं, पण तिच्या बांधावरची तीन मोहाची झाडं हौसेनं रंगवली. पुढच्या खेपेला गेलो तर भाताची रोवणी चाललेली. चाळीस बाया चिखलातून चारशे वाघिणींसारख्या उठल्या, सगळ्यांत पुढं तीच. "बाई, नाव कुठं छापलं मी?" "नाव कायले पायजे रे बाबू? तीन मोहाचा बांध गावात एकच हाय! सासऱ्यानं वाचून घेतलं न् माहं जाणंच बंद केलं. राखी तोंडावर आली. आता तू सांग तुई कहानी, खरीखुरी!" गप्पांत दिवसाला दहा वाघ मारणारा मी बांधावरून मागं सरकू लागलो, आणि मग चिखलाचे गोळे आले. तेव्हापासून मी नुसत्या थापा मारतो. थापेपायी कुणाची राखी चुकत नाही.