बहिणीच्या घरी गेलेलं डेस्क

विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाहेर जुन्या फर्निचरची गोदामं आहेत. मी तिथे गेलेले एक साधी लोखंडी मांडणी बघायला. मांडणी काही मिळाली नाही, पण मागच्या बाजूला, एकावर एक रचलेल्या खुर्च्यांच्या आड ते डेस्क दिसलं. वरती काचेच्या दारांचं लहानसं पुस्तकांचं कपाट, खाली तीन खण, आणि मध्ये एक तिरकी फळी. दुकानदाराने खुर्च्या बाजूला केल्या आणि फळी पुढे ओढून आडवी केली. लिहायचं टेबल तयार झालं. आतल्या बाजूला पत्रांसाठी, शाईसाठी, कागदांसाठी छोटे छोटे कप्पे. "सेक्रेटरी डेस्क म्हणतात याला, मॅडम. अख्खं सागवान," तो म्हणाला. मुंबईतल्या कुठल्याशा पारशी घरातून आलं होतं म्हणे.

मी फळीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

मी शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेली बाई. दिवाळी अंकांत अधूनमधून माझ्या कथा येतात. त्या सगळ्या मी डोंबिवलीच्या घरात जेवणाच्या टेबलावर लिहिल्यात, ताटं उचलल्यावर, ओलं फडकं मारून ते सुकायची वाट बघत. त्यानंतरच्या तीन शनिवारी मी विठ्ठलवाडीला गेले. घरी येऊन भिंत मोजली. कॉट हलवली तर डेस्क बसत होतं, पण मग बाल्कनीचं दार उघडत नव्हतं. यजमान म्हणाले, "घे की. पण कपडे वाळत घालायला मग शेजारी जायचं का?" त्यांचं चुकीचं नव्हतं. मी आणखी एक आठवडा विचार करायचं ठरवलं.

त्या आठवड्यात मी माझ्या धाकट्या बहिणीला फोनवर डेस्कबद्दल सांगितलं. सगळं सांगितलं. कप्पे किती, कड्या पितळी, फळी उघडताना कसा आवाज येतो, गोदाम नेमकं कुठे. आमचं तसंच असतं, कुठलीही गोष्ट तिला सांगितल्याशिवाय मला ती झाल्यासारखी वाटत नाही.

चौथ्या शनिवारी दुकानदार म्हणाला, "ते गेलं, मॅडम. ठाण्याच्या एक मॅडम घेऊन गेल्या."

ठाण्याच्या मॅडम म्हणजे माझी बहीण. रात्री तिचा आनंदाने फोन आला, "ताई, सरप्राइज! तू सांगितलेलंस ना ते डेस्क? घेऊन टाकलं!" मी म्हणाले, "अरे वा."

पुढच्या महिन्यात तिच्या नव्या फ्लॅटवर हळदीकुंकू होतं. डेस्क हॉलमध्ये, खिडकीशेजारी. फळी उघडी. फळीवर सुगंधी पाकळ्यांचा वाडगा आणि काचेचा गणपती. पत्रांच्या कप्प्यांपैकी एकात वायफायचा राउटर, हिरवा दिवा लुकलुकत असलेला, आणि दुसऱ्यात टीव्हीचे रिमोट. लिहायचा कागद म्हणून एक नव्हता. येणारी प्रत्येक बाई डेस्कापाशी थांबायची आणि बहीण प्रत्येकीला सांगायची, "आमच्या ताईने शोधलं हं हे. तिची नजर आहे." ती कौतुकाने सांगत होती. तिने कौतुक केलं नसतं तर मला बरं वाटलं असतं.

पूर्वी आम्ही सगळे कल्याणला एका खोलीत राहत होतो तेव्हा मी बारावीचा अभ्यास खिडकीच्या कट्ट्यावर केला. ती दहावीला गेली तेव्हा बाबांनी फोल्डिंगचं टेबल आणलं. चाळीस वर्षांत मला त्या टेबलाची आठवण आली नव्हती. त्या दिवशी वाण हातात घेऊन उभी असताना आली.

निघताना मी सहज वाकल्यासारखं केलं, कप्प्यांच्या मागच्या फळीकडे बघितलं. तिथे बारीक भोकं होती. मी म्हणाले, "अगं, याला कीड लागलीय. हा बघ, भुसाही पडलाय." आणि बोटांनी काहीतरी झटकल्यासारखं केलं. भुसाबिसा काही नव्हता. "तुझं सगळं नवीन लाकूडकाम आहे. पसरेल. मी तर घरात ठेवलंच नसतं."

तिचा चेहरा पडला. खरं सांगायचं तर तो बघून मला बरं वाटलं.

मला वाटलं होतं ती ते विकून टाकेल. कदाचित मलाच म्हणेल, घेऊन जा. तिने तसं काही केलं नाही. वागळे इस्टेटमध्ये जुन्या फर्निचरचं काम करणारा एक मिस्त्री शोधला, टेम्पो करून डेस्क तिथे पाठवलं आणि मला फोन केला, "ताई, तू चल ना. तुला कळतं त्यातलं."

नाही कसं म्हणणार? गेले.

मिस्त्री वयस्कर, कोकणातले. त्यांनी चष्मा लावला, बॅटरी मारून मागची फळी बघितली, भोकांत तार घालून बघितली. मग हसले. "कीड नाय हो ही. टाचण्यांची भोकं आहेत. कोणीतरी इथे कागद टोचून ठेवीत असणार. बघा, सगळी एका रांगेत. कीड कधी रांगेत पोखरते का?"

"पण भुसा पडला होता," बहीण म्हणाली. "ताईने दाखवला मला."

"कीड नसताना भुसा कुठून पडणार?" मिस्त्री म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

बहिणीने माझ्याकडे बघितलं. मी एका रंधा मारलेल्या फळीकडे बघत राहिले.

परत येताना रिक्षा खोपटच्या डेपोजवळ सिग्नलला थांबली तेव्हा ती म्हणाली, "तू भुसा पाहिलास?"

"नाही."

"मग?"

"मला ते तुझ्याकडे नको होतं."

ती समोर बघत होती. तशीच म्हणाली, "एवढं हवं होतं तर सांगायचंस ना."

"सांगितलं असतं तर घेतलं नसतंस?"

तिने खरंच विचार केला. मग म्हणाली, "घेतलं असतं. तू फोनवर इतकं सांगत होतीस ना त्याच्याबद्दल, तेव्हाच मला ते हवंसं झालं. मला डेस्कचं काय करायचंय गं? पण तुझ्याकडे ते आलं असतं आणि तू तिथे बसून लिहिलं असतंस, आणि आईने पुन्हा सगळ्यांना अंक दाखवले असते. माझा फ्लॅट बघायला ती दोनदा आली. दोन्ही वेळा तुझ्या कथेबद्दल बोलत बसली."

मला हे माहीतच नव्हतं. माझा हेवा करण्यासारखं माझ्याकडे काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. एक क्षण मला त्याचा आनंद झाला, हेही लिहायला हवं. मग लाज वाटली.

"सॉरी," मी म्हणाले.

"असू दे. मिस्त्रीचा हेलपाटा तेवढा फुकट गेला." ती हसली, पण पूर्ण नाही. ठाणे स्टेशनला मी उतरले तेव्हा नेहमीसारखं "पोचल्यावर फोन कर" म्हणाली नाही.

डेस्क पॉलिश होऊन तिच्या हॉलमध्ये परत गेलं. अजून तिथेच आहे. राउटरही तिथेच आहे. ते बघताना मला अजून त्रास होतो, पहिल्यापेक्षा कमी, पण होतो. मध्ये काही महिने मी तिला कुठलीच आवडलेली गोष्ट सांगत नसे. आमचे फोन तब्येत आणि हवापाण्यावर येऊन थांबायचे, पाच मिनिटांत संपायचे. ते मला डेस्क नसण्यापेक्षा जड गेलं.

मागच्या आठवड्यात कल्याणला एका दुकानात वेताची आरामखुर्ची दिसली. रुंद हातांची, पाठीला जुनी वीण. दुकानाच्या पायरीवरूनच मी तिला फोन लावला आणि सगळं वर्णन केलं.

"कुठल्या दुकानात?" तिने विचारलं.

मला ते डेस्क आठवलं. तरी सांगितलं.

ती म्हणाली, "मग उभी का आहेस? घेऊन टाक आधी."