नक्कल मिळणेबाबत

एखादी गोष्ट घडली आणि तिचा कागद झाला नाही, तर ती घडलीच नाही, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते म्हणजे माझ्या साडूचे वडील. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. सूर्य उगवला हे ते नाइलाजाने मान्य करतात, पण तसा दाखला कुठे मिळतो याची चौकशीही करून ठेवतात. देशात असताना त्यांनी एका जिल्हा कोर्टाच्या नक्कल विभागात छत्तीस वर्षं काढली. जुन्या निकालांच्या आणि जबाबांच्या सही-शिक्क्याच्या प्रती जिथे मिळतात, किंवा खरं सांगायचं तर मिळत नाहीत, तो हा विभाग. "उद्या या" हे दोन शब्द काकांनी तिथे बसून किती पक्षकारांना ऐकवले असतील, देव जाणे. लाचेचा पैसा कधी शिवलो नाही, हे ते छाती पुढे काढून सांगतात आणि ते खरंही आहे. त्यांनी फक्त लोकांचे दिवस घेतले, आणि त्याची पोच कुणाला दिली नाही.

रिटायर झाल्यावर साडूने त्यांना आणि काकूंना इकडे मिशिगनला, नोव्हाय नावाच्या गावापलीकडच्या आमच्या उपनगरात आणलं. पहिलं वर्ष फार वाईट गेलं. दूध कार्डाशिवाय मिळतं, गॅसचा नंबर लावावा लागत नाही, शेजारी कसलाच दाखला मागत नाही. काका अक्षरशः सुकत चालले होते. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की इथे पोलिसांचे आणि कोर्टाचे बरेचसे कागद कुणालाही मागता येतात, अर्ज केला की काउंटीला, म्हणजे इथल्या जिल्ह्याला, ठरावीक दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. शेरीफचं, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाचं, रेकॉर्ड ऑफिस आणि कोर्टाचा क्लार्क, दोन्ही एकाच इमारतीत. काकांना घबाडच सापडलं. काउंटी ऑफिस शनिवार-रविवार बंद, साडू कायम मीटिंगमध्ये, आणि माझं काम घरून चालायचं. तेव्हा ड्रायव्हर म्हणून माझी नेमणूक झाली, ती आजतागायत रद्द झालेली नाही.

काका अर्ज करायचे तो पाहण्यासारखा. वर "रिस्पेक्टेड सर", मग विषय, मग संदर्भ, मग "विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन", आणि तीन प्रती. पहिल्या अर्जाला काउंटीचं ईमेल आलं त्याची सुरुवात "हाय!" अशी होती. काका दोन दिवस अस्वस्थ होते. "सरकारने हाय म्हणायचं? वर उद्गारचिन्ह? आणि जावक क्रमांक कुठाय?" असं ते मला विचारत होते, जणू काही ती काउंटी मीच चालवतो. खिडकीवरच्या जाड भिंगांच्या बाईंनी "हाऊ आर यू टुडे, हनी?" म्हणत दहा मिनिटांत पहिला कागद हातात ठेवला, तर काकांचा त्यावर विश्वासच बसेना. इतक्या लवकर मिळालेला कागद खरा असेल कसा? "मॅडम, प्लीज चेक अगेन, टेक युवर टाइम," असं त्यांनी त्यांना विनवलं. पुढच्या खेपेला ते चिवड्याची पिशवी घेऊन गेले. गिफ्ट घेता येत नाही, असं बाई हसून म्हणाल्या, तेव्हा काकांनी पिशवी तशीच गाडीत आणून ठेवली. चिवडा मीच संपवला.

यानंतर आमच्या मराठी मंडळाचे वाईट दिवस सुरू झाले. अध्यक्षांनी गणपतीत शिस्तीवर भाषण केलं, की काका पिशवीतून त्यांच्या ओव्हरस्पीडिंगच्या दंडाच्या तिकिटाची प्रत काढून पहिल्या रांगेत वाचत बसायचे. ओळखीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं, तर काकांनी कुणी न सांगता होणाऱ्या जावयाचे कोर्टाचे कागद काढले. लायसन्सशिवाय तळ्यावर मासे धरले म्हणून त्याच्यावर एकदा केस झाली होती. मुलीकडच्यांना कोर्टाचं काहीच वाटलं नाही, पण मुलगा मासे धरतो या बातमीने घरात आठवडाभर चूल पेटेना. मलाही त्यांनी सोडलं नाही. सिग्नल तोडल्याबद्दल मला तिकीट मिळालं होतं, ते तळलेल्या कोंबडीच्या दुकानासमोर आणि नेमकं श्रावणी सोमवारी दुपारी. "तुझा त्या दिवशी कडक उपास होता ना रे?" हा प्रश्न काकांनी माझ्या बायकोदेखत विचारला. तिने ती प्रत अजून जपून ठेवली आहे.

इतरांचे एवढे कागद काढणाऱ्या काकांचा स्वतःचा मात्र एक कागद होता आणि त्याचा विषय काढायची बंदी होती. इकडच्या दुसऱ्या हिवाळ्यात बर्फ थांबल्यावर ते माकडटोपी घालून फिरायला गेले ते तीन तास आलेच नाहीत. आमच्या वसाहतीत सगळी घरं एकसारखी, त्यावर बर्फ. मीसुद्धा एकदा चुकीच्या गॅरेजपुढे रिमोट दाबत उभा राहिलो आहे. घरात एकट्या काकू. त्यांनी पोलिसांना फोन केला. शेरीफच्या माणसाने काकांना दोन मैलांवरच्या एका लायब्ररीतून उचललं आणि दिवे लावलेल्या गाडीतून, मागच्या सीटवर बसवून घरी आणलं. अख्खी गल्ली खिडक्यांत उभी होती. "मी हरवलो नव्हतो, परिसराची पाहणी करत होतो," असं काकांनी जाहीर केलं, आणि बायकोने नवऱ्याची पोलिसांत तक्रार दिली म्हणून ते काकूंशी चार दिवस बोलले नाहीत. काकूही खमक्या. "जेवायला वाढलंय," असं त्या भिंतीला सांगायच्या आणि काका भिंतीकडून निरोप मिळाल्यासारखे येऊन जेवायचे.

मागच्या वर्षी काकू गेल्या. कसलं मोठं आजारपण नाही, काही नाही. दिवस झाले, नातेवाईक पांगले, आणि पुढच्याच सोमवारी सकाळी काकांचा मला फोन आला. "काउंटीत जायचंय. माझ्या त्या केसची नक्कल हवी."

"कोणती केस, काका?"

"तीच. माझा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू येईल. पोलिसांत नाव आहे का विचारतात. कागद हातात असला की खोडून काढता येईल."

मी म्हटलं, काका, हरवल्याबद्दल कुणाची सिटिझनशिप अडत नाही. "हरवलो नव्हतो," काका म्हणाले. मी गाडी काढली.

आठवड्याने उत्तर आलं की या नावाने आणि या जन्मतारखेने आमच्याकडे कसलीही नोंद नाही. मी खुशीत म्हणालो, "अभिनंदन! एकदम क्लीन रेकॉर्ड. पार्टी द्या आता." काकांचा चेहरा उतरला. "नोंद नाही म्हणजे गहाळ झाली," ते म्हणाले. "रेकॉर्ड सापडत नाही असं मी कधी म्हणायचो ते मला ठाऊक आहे. घरी जायचीच वेळ झालेली असायची, म्हणून म्हणायचो." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यांनी आडनाव आधी घालून अर्ज केला, वडिलांचं नाव गाळून केला, नुसत्या पत्त्यावर केला आणि त्यात नेमका घरनंबर चुकीचा टाकला. प्रत्येक वेळी तेच "हाय!" आणि तेच "नोंद नाही". मला राग यायला लागला होता. ऑफिसात माझा रिव्ह्यू तोंडावर होता, आणि जो कागद नसल्याचा आनंद व्हावा त्याच्यासाठी हा माणूस मला दर आठवड्याला काउंटीत नेत होता. "काका, इनफ यार, सोडा आता," असं मी वडीलधाऱ्या माणसाला यार लावून बोललो. काकांनी ऐकून घेतलं आणि पिशवी उचलून गाडीत जाऊन बसले.

त्या दिवशी खिडकीवर त्याच बाई होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "फोन कुणी केला होता?"

"माय मिसेस," काका म्हणाले.

"त्यांचं नाव?"

काका थांबले. आमच्या लोकांना कागदावर सगळं लिहिता येतं, तोंडाने म्हणवत नाही. लग्नातल्या उखाण्यानंतर काकूंचं नाव त्यांनी चारचौघांत घेतलं नसावं. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, त्यावर नाव लिहिलं आणि काचेखालून पुढे सरकवलं. बाईंनी ते टाइप केलं आणि म्हणाल्या, "हं, हे बघा. दोन पानं आहेत."

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. काकांनी बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली, मीही शेजारून वाचत होतो. फोन नंबर आणि जन्मतारीख काळ्या पट्टीने झाकलेली. हरवलेल्या व्यक्तीचं नाव: सांगण्यास पत्नीचा नकार. अधिकाऱ्याने पुन्हा विचारले असता, "तो माझ्या मुलाचा बाबा आहे," एवढेच उत्तर. लग्न झाले आहे काय? होय, सत्तेचाळीस वर्षे. म्हणून नोंद काकांच्या नावाने सापडत नव्हती; ती काकूंच्या नावाने होती. वर्णन: उंची कमी, तपकिरी टोपी, हातात कापडी पिशवी. पुढे अधिकाऱ्याने काकूंचं तोडकंमोडकं इंग्रजी जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. त्याला डायबेटिस आहे, सकाळपासून फक्त चहा घेतला आहे. रस्ते त्याला कळत नाहीत पण कळतात असं म्हणेल, त्याला हो म्हणा. पोलिसांना तो घाबरतो, मोठ्याने बोलू नका. आणि शेवटी, मी फोन केला हे त्याला सांगू नका, त्याला वाईट वाटेल.

काकांनी दोन्ही पानं पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग म्हणाले, "चार दिवस बोललो नाही रे तिच्याशी." मी त्यांच्या पिशवीचा बंद उगाच नीट करत राहिलो.

ते उठून पुन्हा खिडकीशी गेले. शिक्क्याची प्रत घेतली, शिक्का बरोबर उमटलाय का ते उजेडात धरून पाहिलं, आणि मग पिशवीतून कोरा कागद काढून तिथेच उभ्याने इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या: सोबतची तक्रार खरी आहे. मी त्या दिवशी हरवलो होतो. खाली सही, तारीख. हे मूळ रेकॉर्डला जोडा, असं त्यांनी बाईंना सांगितलं. बाईंनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि फार हळू आवाजात म्हणाल्या की केस बंद झाली आहे, आता तिच्यात काही जोडता येत नाही, आय ॲम सो सॉरी.

काकांनी वाद घातला नाही. कागदाची नीट घडी केली, पिशवीत ठेवली, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "चल. उद्या परत येऊ."