बत्तीसातून पाच

दिल्लीतल्या द्वारकेत आमच्या सोसायटीच्या बागेत रोज संध्याकाळी एक बाई बाकावर बसायच्या. मांडीवर आइस्क्रीमच्या काड्या असायच्या, काही रबर लावलेले दहा-दहांचे गठ्ठे आणि काही सुट्या. समोर बाटलीला टेकवलेला फोन. मुलाची बदली बंगळुरूला झाली होती आणि दुसरीतल्या नातीला त्या व्हिडिओ कॉलवर गणित शिकवायच्या. दिल्लीत मराठी कानावर पडलं की पाय थांबतातच. मी शेजारच्या बाकावर बसू लागलो.

"बत्तीसातून पाच काढायच्या. सुट्या तर दोनच आहेत. मग?"

"बत्तीस म्हणजे थर्टी-टू ना, आजी?"

"बिल्कुल."

"मग एक गठ्ठा सोड!"

बाई हसून रबर काढायच्या.

एके दिवशी नात म्हणाली, "आजी, काड्या नको. मला आता मनातच येतं." आणि तिनं धडाधड उत्तरं दिली. बाईंनी "शाब्बास!" म्हणत टाळ्या वाजवल्या. फोन लवकर संपला.

"हुशार आहे हो," मी म्हणालो.

"आहेच," त्या काड्या आवरत म्हणाल्या. "पण आता ती रोज कशाला फोन करेल?"

दुसऱ्या संध्याकाळी त्या फोन टेकवून बसल्या होत्या. बागेतले दिवे लागले तरी उठल्या नाहीत. मलाही उठवेना.