नाव आणि गाव

एकाच बाईला मी एका वर्षात तीनदा 'नवीन पाहुणी' म्हणून चर्चमध्ये उभं केलं आणि तिन्ही वेळा गुलाबाचं फूल दिलं. हे कबूल करायला मला पंधरा वर्षं लागली, कारण तेव्हा मी आमच्या मंडळीच्या स्वागत समितीची प्रमुख होते आणि स्वतःवर बेहद्द खूश होते.

कडक इस्त्रीची साडी, छातीवर बिल्ला आणि दारात असं हसू, की जणू चर्च माझ्या माहेरच्यांनीच बांधलंय. मी नवा चेहरा हेरायची म्हणे. खरं तर चेहरा बघायचीच नाही, हात बघायची. हातात गीतांचं पुस्तक नसलं की तो पाहुणा. सूचनांच्या वेळी त्याला उभं करायचं, त्यानं नाव-गाव सांगायचं, सगळ्या मंडळीनं एका सुरात 'सलाम' म्हणायचं आणि मी फूल द्यायचं. उपासना संपली की दारात कार्ड भरायचं. असा सगळा माझा कारभार.

ही बाई कागलची. वाचता येत नव्हतं म्हणून हातात पुस्तक नसायचं आणि परतीची एसटी गाठायची म्हणून ती शेवटच्या बाकावर बसायची. बहुतेक रविवारी यायची. तिला फूल नकोच होतं. नवरा अंथरुणाला खिळला होता. मंडळीतल्या चौघांनी एकदा घरी येऊन त्याच्याजवळ बसावं, प्रार्थना करावी, एवढंच तिचं मागणं होतं. तिसऱ्यांदा उभी केली तेव्हा तिनं सुरुवात केली, "मालक लई दिस पडून हाईत, कुणीतरी घरी..."

मी मधेच गोड आवाजात म्हणाले, "नाव आणि गाव एवढंच सांगा हं."

मला घाई होती. तिच्यानंतर माझा वार्षिक अहवाल होता. तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मंडळी 'सलाम' म्हणाली. मागं कुणीतरी खुदकन हसलं, मला वाटलं आनंदानं हसलं असेल. मग मी अहवाल वाचला, की आपली मंडळी आता शहराबाहेर पोचते आहे, यंदा कागलहूनसुद्धा तीन नवे पाहुणे आले. टाळ्या पडल्या.

त्यानंतर ती आली नाही. ते मला कळलं दीड महिन्यानं, तेही एका रविवारी फूल उरलं म्हणून. फूल हातात घेऊन मी शेवटच्या बाकाकडे बघितलं, तिथं ती नव्हती. कार्डांचा पत्र्याचा डबा उघडला. कागलची तीन कार्डं, तिन्हींवर एकच नाव. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिन्ही माझ्याच अक्षरात. प्रार्थनेच्या विनंतीच्या रकान्यात तिन्ही वेळा मीच लिहिलं होतं, 'मालक आजारी, घरी या.' शेवटच्या कार्डावर तर 'घरी या'खाली रेघ मारली होती. रेघ मारून डब्यात टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सफरचंदं घेऊन कागलला गेले, आजाऱ्याला भेटायला जातात तशी. ती उंबऱ्याशी गवारी मोडत बसली होती. मालकांना जाऊन महिना झाला होता. शेजारी लिंगायत. त्यांच्यातही पुरतात, म्हणून त्यांनीच खड्डा काढला, जागा दिली, खांदाही दिला. आमच्या पाळकांना निरोप का नाही धाडला, असं मी विचारलं. माझी हिंमत बघा. ती शांतपणे म्हणाली, की कुणाच्या नावानं धाडणार, तिथं तिला कोण ओळखत होतं?

आजही आमच्यात बाहेर पोचण्याची भाषणं होतात. आता फोनवर गट आहे, उपासना परदेशातून बघतात म्हणे. मी मात्र शेवटच्या बाकावर बसते आणि शेजारणीच्या तोंडाकडे बघते. तरी परवा एकीला दुसऱ्यांदा विचारलंच, की तुम्ही नवीन का? 'बाहेर' म्हटलं की मला तो उंबरा आठवतो. सफरचंदांची पिशवी धरून मी बाहेर उभी, आत बोलावतील की नाही या काळजीत. ती गवारीची पाटी बाजूला सारून उठली, मला नीट खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली,

"या की पावणं, बसा. च्या ठेवते. नाव आनि गाव तेवढं सांगा."